चारही दिवे लागलेत, तरी मशीन मध्येच का बंद पडतं?

कॉर्डलेस ड्रिल किंवा करवत नवी घेतली की पहिल्या एक-दोन महिन्यांत एक तक्रार हमखास येते. बॅटरीवर चारही दिवे लागलेले असतात, हवेत ट्रिगर दाबला तर मशीन झकास फिरतं, पण प्लायमध्ये बिट रुतलं की दोन-तीन सेकंदांत गप्प. ट्रिगर सोडून परत दाबला की चालू, आणि परत गप्प. साईटवर याचं निदान लगेच होतं: ‘पॅक डुप्लिकेट निघाला.’ मग दुकानदाराशी वादावादी होते, नवा पॅक येतो, आणि नव्या पॅकवरही तेच रडगाणं सुरू होतं.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा मशीनांमध्ये पुष्कळदा बिघडलेलं काही सापडतच नाही. मशीनने स्वतःहून हात वर केलेले असतात, आणि तसे ते करावेत म्हणूनच आत सर्किट बसवलेलं असतं. वायरवाल्या ग्राइंडरला जास्त रेटलं तर तो आधी कण्हतो, मग वास मारतो, शेवटी त्याचं आर्मेचर जळतं. लिथियम बॅटरीच्या बाबतीत इतकी वाट बघणं परवडत नाही. त्यामुळे सर्किट तीन गोष्टींवर सतत नजर ठेवतं: करंट किती ओढला जातोय, तापमान किती झालंय आणि व्होल्टेज किती खाली आलंय. यातली एक जरी मर्यादेबाहेर गेली तरी मशीन बंद. हाताला मात्र तिन्ही वेळा सारखंच जाणवतं, आणि इथेच घोळ होतो.

म्हणून कुणी मशीन घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: बंद पडल्यावर परत चालू कसं झालं?

ट्रिगर सोडून लगेच दाबल्यावर चालू झालं, तर करंट जास्त झाला होता. पाच-दहा मिनिटं थांबल्यावरच चालू झालं, तर तापलं होतं. चालू झालं पण हलकं काम असेल तरच चालतं, आणि मघाशी चार असलेले दिवे आता एक किंवा दोनच दिसतात, तर व्होल्टेज कोसळतंय, म्हणजे पॅकमधला एखादा सेल किंवा एखादा जोड कमजोर आहे. एवढं नीट पाहिलं तरी अर्ध्याहून जास्त काम झालं. पुढचं सगळं या तीन वाटांनी शोधायचं.

लगेच परत चालू होत असेल तर

सगळ्यात जास्त केसेस याच. फर्निचरवाल्यांकडे याचं ठरलेलं ठिकाण म्हणजे ऑटो बिजागरी, कपाटाच्या दाराला आतून लागते ती. शटरला, म्हणजे त्या दाराला, ३५ मिलिमीटरचं गोल होल पाडायचं असतं, खोली बारा-तेरा मिलिमीटर. बिट रुंद असल्यामुळे त्याची कड प्लायच्या थरांना एकाच वेळी सगळीकडून खरवडत असते. एका मिस्त्रींनी ड्रिल टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘भाऊ, बाकी सगळ्याला चालतं, फक्त बिजागरीला दम तोडतं.’ मशीनच्या डोक्यावरची गिअरची सरकपट्टी २ वर होती. विचारलं तर उत्तर सरळ होतं: दोनला स्पीड जास्त, म्हणजे होल लवकर पडणार. टेबलावरच प्लायचा तुकडा घेऊन पट्टी १ वर केली, त्याच बॅटरीवर, त्याच बिटने एका दमात होल पडलं.

दोन गिअरच्या बहुतेक ड्रिलमध्ये पहिल्या गिअरला चारशे-पाचशे फेरे मिळतात आणि दुसऱ्याला दीड-दोन हजार. दुसऱ्या गिअरला चकावरची, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यावरची, ताकद तितक्याच पटीने कमी होते. मोठं बिट लावलं की मोटर अडकायच्या बेतात येते, आणि अडकणारी मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. दहा-बारा मिलिमीटरच्या वरचं बिट, होल सॉ, लांब स्क्रू, या सगळ्याला पहिला गिअर. गिअर बदलताना मशीन पूर्ण थांबलेलं हवं, नाहीतर दाते खातात.

गिअर बरोबर असूनही तेच होत असेल तर धार बघा. प्लायमध्ये लाकडापेक्षा गोंदच बिटला जास्त खातो. बोथट बिट भुसा काढण्याऐवजी होल जाळतं. कडेला काळं दिसलं आणि जळका वास आला की बिट बदला, बॅटरीला दोष देऊ नका. सागवानात ७५ मिलिमीटरचा स्क्रू आधी बारीक पायलट होल न पाडता घुसवणारेही आहेत. स्क्रूला साबण चोळायची जुनी सवय चांगली आहे, मेण त्याहून बरं, कारण साबण ओल धरतो आणि पुढे स्क्रू गंजतो.

गोल करवतीत कारण बहुतेक वेळा ब्लेडमध्ये असतं. कॉर्डलेस करवतीसोबत कंपनी पातळ ब्लेड देते, म्हणजे कापाची फट कमी आणि मोटरवर भार कमी. ते बोथट झालं की आपण टेबल सॉचं जाड ब्लेड लावतो, आणि तीच करवत मध्येच थांबायला लागते. फट दीडपट झाली की भुसाही दीडपट काढावा लागतो, आणि ती ताकद बॅटरीतूनच येते. दुसरं म्हणजे प्लायला आधार कुठे दिलाय ते बघा. दोन टोकांना आधार आणि मध्ये काप, असं असेल तर बोर्ड मध्येच खचतो, फट मिटते आणि ब्लेड आवळलं जातं. कापाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या. ब्लेडवर गोंदाचा काळा थर बसला असेल तर बॅटरी काढून, ब्लेड उतरवून, थिनरच्या फडक्याने पुसा. नुसतं एवढं करूनही करवत सुतासारखी चाललेली मी पाहिली आहे.

आणि स्लॅब-बीममध्ये साध्या कॉर्डलेस ड्रिलच्या हातोडीच्या खुणेवर आठ-दहा मिलिमीटरची होलं पाडणं, हेही एक कारण. विटेच्या भिंतीला ते ठीक आहे. आरसीसीला, म्हणजे सळईच्या काँक्रीटला, एसडीएस चकचं (खाचांचं बिट बसणारं) रोटरी हॅमरच हवं. तेही सळईवर आदळलं की थांबणारच.

पॅक छोटा आहे का?

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे खरेदीच चुकते. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे ३.६ व्होल्ट, म्हणून १८. फुल्ल चार्जला प्रत्येकी ४.२, म्हणून २१. बाजारात १८, २० आणि २१ व्होल्ट असे जे तीन आकडे दिसतात ते याच पाच सेलचे. डिवॉल्ट अमेरिकेत ज्याला २० व्होल्ट मॅक्स म्हणतं तेच युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकतं. १२ व्होल्टच्या छोट्या मशीनमध्ये तीन सेल असतात, प्रत्यक्षात १०.८.

आता २ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर) पॅकमध्ये या पाच सेलची एकच रांग असते. ४ किंवा ५ एएचच्या पॅकमध्ये बहुधा दोन रांगा, म्हणजे दहा सेल. आपल्याला वाटतं एएच म्हणजे फक्त किती वेळ चालणार. पण चार इंची ग्राइंडरने ६०० वॅट मागितले की १८ व्होल्टला तेहतीस-एक अँपिअर होतात. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध साधारण ०.०२ ओहम धरला तर एका रांगेचा ०.१ ओहम होतो. ३० अँपिअरला ३ व्होल्ट पॅकच्या आतच जातात आणि ९० वॅटची उष्णता तिथेच तयार होते. हातातल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्न तीन-चार घेऊन एका डब्यात कोंबल्यासारखं. दोन रांगा असतील तर करंट वाटला जातो, व्होल्टेज निम्मंच पडतं, आणि प्रत्येक सेलच्या वाट्याला एक चतुर्थांश उष्णता येते.

म्हणून ग्राइंडर, करवत, रंधा, रोटरी हॅमर यांना २ एएचचा पॅक लावून तक्रार करण्यात अर्थ नाही. तो पॅक ड्रिलला आणि स्क्रू मशीनला ठीक आहे. वरती शिडीवर चढून सिलिंगचं काम करताना तर हलका म्हणून तोच बरा. खात्री करायची असेल तर ओळखीच्या कुणाकडून त्याच कंपनीचा मोठा पॅक तासाभरासाठी मागून घ्या. तेच काम, तेच ब्लेड, मोठा पॅक. बंद पडणं थांबलं तर मशीनला हात लावायची गरज नाही.

थांबल्यावरच चालू होत असेल तर

लिथियम सेल साधारण ६० अंशांपर्यंत वापरता येतात आणि ४५ अंशांपर्यंतच चार्ज करता येतात. आता एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर किंवा अकोल्याला सावलीतच पारा ४३-४४ वर असतो. गच्चीवर उन्हात पडलेला काळ्या प्लास्टिकचा पॅक काम सुरू करायच्या आधीच पन्नाशीला टेकलेला असतो. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या पॅकबद्दल तर बोलायलाच नको. तो दहा मिनिटांत दमतो, आणि चार्जरला लावला तर चार्जर दिवा लुकलुकवत बसतो, चार्ज घेत नाही. ‘चार्जर गेला’ म्हणून आलेल्या किती तरी चार्जरना काहीही झालेलं नसतं. पॅक थंड व्हायची ते वाट बघत असतात.

पॅक सावलीत पंख्यासमोर ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत माणसात येतो. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तसं करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि सर्किटवर गंज चढतो.

पॅक तापलाय की मशीन, हे ओळखायला गार पॅक लावून बघा. लगेच चाललं तर आधीचा पॅक तापला होता. नाही चाललं तर मोटर किंवा मशीनमधलं सर्किट तापलंय. तेव्हा हवेची भोकं बघा. एमडीएफचा पिठासारखा भुसा आणि पुट्टीची धूळ तिथे असा थर करते की पंखा फिरूनही हवा जात नाही. ब्लोअरने बाहेरून मारा, चष्मा लावून. मशीन हातात धरताना ती भोकं तळव्याखाली झाकली जात नाहीत ना, तेही पाहा; ग्राइंडरला हे फार होतं.

दिवे धडाधड कमी होत असतील तर

आधी संपर्क. पॅक काढा आणि मशीनमधल्या पितळी पात्या टॉर्चने बघा. काळ्या पडल्या असतील, कडेचं प्लास्टिक किंचित वितळलं असेल, तर तिथेच ठिणगी पडतेय. हॅमरवाल्या मशीनमध्ये हादऱ्याने या पात्या सैल होतात. पॅक लावल्यावर वर-खाली हलवून बघा, खुळखुळत असेल तर कारण सापडलं. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने हिरवी पूड धरते. सिमेंटची धूळ दमट झाली की तीही धातू खाते. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, एवढं पुरे. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा गेला की दुप्पट वेगाने काळं पडतं.

मग मीटर. पॅक फुल्ल चार्ज करून तासभर बाजूला ठेवा, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून फक्त + आणि − च्या पात्यांवर मोजा. (मीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर थेट शॉर्ट होईल, आधी ती बघा.) पाच सेलचा निरोगी पॅक साडेवीस ते एकवीसच्या आसपास दाखवतो. एकोणीस-साडेएकोणीसवरच अडकला असेल तर एखादा सेल मागे पडलाय. वीसच्या वर आहे पण दोन-तीन दिवस नुसता ठेवल्यावर व्होल्टभर उतरला, तरी तोच संशय. पाचांतला एक कमजोर असला की तो इतरांच्या आधी रिकामा होतो आणि सर्किट सगळ्या पॅकचं काम थांबवतं, बाकी चौघांत जीव असला तरी.

महिनोन् महिने रिकामा ठेवलेला पॅकही असाच येतो. पावसाळ्यात काम थंडावलं, पॅक संपलेल्या अवस्थेत मशीनलाच लावून पेटीत गेला, दिवाळीला काढला तर चार्जर लाल लुकलुकतो. यावर एक जुगाड सगळीकडे फिरतंय: चांगल्या पॅकमधून दोन वायरी जोडून मेलेल्याला ‘धक्का’ द्यायचा, मग चार्जर तो घेतो. घेतो हे खरं. पण सेल दोन व्होल्टच्याही खाली बराच काळ पडून राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि परत चार्ज करताना ते तांबं नको तिथे साठून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. असा पॅक साईटवर रात्री चार्जिंगला लावून झोपणं म्हणजे प्लाय, फोम आणि थिनरच्या शेजारी आग ठेवणं आहे. मी तो धक्का देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. पॅक ठेवायचाच असेल तर निम्मा चार्ज करून, मशीनमधून काढून, कोरड्या जागी ठेवा.

४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, २८८ व्हीएफ

ऑनलाइन आणि हार्डवेअर मार्केटमध्ये हे आकडे छापलेले पॅक मिळतात. यांचा व्होल्टशी काही संबंध नाही. आत तेच पाच किंवा दहा सेल, फुल्ल चार्जला २१ व्होल्ट. उचलून बघितलं तरी अंदाज येतो: १८६५० आकाराच्या एका सेलचं वजन साधारण ४५ ग्रॅम, दहांचं साडेचारशे, वर डबा आणि सर्किट. ६ एएच छापलेला पॅक साडेतीनशे ग्रॅमचा भरला तर काय समजायचं ते समजा. त्यातले सेल टॉर्चला चालतील असे असतात, ३० अँपिअर मागितले की व्होल्टेज आपटतं आणि मशीन थांबतं. घेताना लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते वाचा.

एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावायचे ॲडॉप्टरही मिळतात. काही कंपन्या कमी व्होल्टेजला बंद करण्याचं काम पॅकमध्ये ठेवतात, काही मशीनमध्ये. ॲडॉप्टरने चुकीची जोडी जमली तर ते काम कुणीच करत नाही, आणि पॅक पार निचरा होईपर्यंत चालतो. ‘ॲडॉप्टर लावल्यापासून बंदच पडत नाही’ असं कौतुक ऐकलं की तो पॅक लवकरच माझ्या टेबलावर येणार हे मी धरून चालतो.

चार्जरकडेही एकदा बघा

नव्या इमारतीत तात्पुरत्या लाईनवर लिफ्ट किंवा मिक्सर सुरू झाला की व्होल्टेज पडतं, चार्जर थांबतो, परत सुरू होतो. एक्स्टेंशन बोर्डाची पिन सैल असली तरी तेच. सकाळी पॅक उचलला तर अर्धवट भरलेला असतो आणि आपण समजतो फुल्ल. घरी लावून एकदा पूर्ण चार्ज करा आणि फरक पडतो का बघा. स्वस्त किटसोबत येणारा चार्जर तर नुसता प्लगमध्ये खोचायचा पॉवर ॲडॉप्टर असतो, अर्धा-एक अँपिअरचा. २ एएचच्या पॅकला त्यावर दोन ते चार तास लागतात; चहा पिऊन येईपर्यंत काही होत नाही.

जे बिघाड नाहीतच

ग्राइंडरचं बटण चालू असताना बॅटरी लावली तर नवी मशीनं फिरत नाहीत, बटण बंद करून परत चालू करावं लागतं. हात कापू नये म्हणून ती सोय आहे. ड्रिल हातात एकदम गरकन फिरलं तर काही मशीनं तत्क्षणी थांबतात, तीही सोयच, मनगट वाचवते. चक थांबून कटकट आवाज येत असेल तर चकामागची रिंग स्क्रूच्या आकड्यावर आहे, ड्रिलच्या खुणेवर आणा. आणि ब्रशवालं मशीन थपडा मारल्यावर चालत असेल तर मोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश संपलेत. ब्रशलेसमध्ये तो प्रश्न नाही.

एवढं सगळं करूनही बंद पडत असेल तर सर्व्हिस सेंटरला न्या, पण मशीन, पॅक आणि चार्जर तिन्ही घेऊन जा. नुसतं मशीन नेलं तर ते त्यांच्या पॅकवर चालवून ‘ओके’ म्हणून परत देतात. कोणतं बिट, कोणता गिअर, बंद पडताना दिवा किती वेळा लुकलुकला, परत चालू कसं झालं, हे कागदावर लिहून सोबत द्या. दिवा लुकलुकतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ असेल तर उत्तम. पॅकचे स्क्रू आधी कुणाला उघडू देऊ नका, सील तुटलं की वॉरंटीचा विषय तिथेच संपतो.

पॅक मेलाच असं ठरलं तर पात्यांवर चिकटपट्टी लावा आणि तो सर्व्हिस सेंटरलाच जमा करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला देऊ नका. तो वजनाच्या लोभाने हातोडीनेच फोडतो.